कोरं आणि शून्य

सन्मती मगदूम हा मुळातच कमी बोलणारा माणूस. मिरजेत स्टेशनच्या मागच्या बाजूला त्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या, पिठाच्या गिरणीच्या, कूलरच्या जळालेल्या मोटारी लोक आणून टाकायचे. आतली जळकी तार उपसून तो नवी भरून द्यायचा. गिऱ्हाइकाशी बोलणं 'परवा या' एवढंच. घरी त्याहून कमी. लग्नानंतर पहिलं वर्षभर नंदिताला वाटत होतं, हा माणूस आपल्यावर रागावलाय. मग तिला त्याची रीत कळली. आमटी आवडली की तो दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा. कौतुक म्हणून जे काही होतं ते तेवढंच.

आधी त्याच्या बोटांतून तार निसटायला लागली. मग पाना निसटायला लागला. मेंदूकडून स्नायूंकडे निरोप नेणाऱ्या पेशी एकेक करून मरतात, असा तो आजार निघाला. त्यात बुद्धी शाबूत राहते, ऐकू येतं, समजतं. फक्त शरीर एकेका अवयवाने ऐकेनासं होतं. हात गेले, पाय गेले, जीभ जड झाली. बहुतेक रोग्यांचे डोळे शेवटपर्यंत हलत राहतात आणि त्यांना पापणीच्या खुणेने तरी बोलता येतं. सन्मतीच्या बाबतीत क्वचित घडतं ते घडलं. त्याचे डोळेही लवकर थिजले.

जीभ थोडीफार वळत होती तेव्हा दुकानाच्या पायरीवर बसून त्याने नंदिताला एक गोष्ट सांगितली होती. "श्वास बंद पडला की पडू दे. गळ्याला भोक पाडून नळीवर ठेवू नकोस." ती हो म्हणाली. असं इच्छापत्र करून ठेवता येतं हे दोघांनाही माहीत होतं. पण ते करायचा विषय तिने काढला नाही आणि त्यानेही नाही.

त्यांचं नशीब एवढंच, की वाचासेतू केंद्र मिरजेतच होतं. या केंद्रात मानेतल्या शिरेतून एक केसासारखी बारीक जाळी सरकवत मेंदूपर्यंत नेत. ओठ, जीभ, घसा यांना हुकूम देणारा मेंदूचा जो पट्टा असतो, त्याच्याशेजारच्या शिरेत ती जाऊन बसायची. कवटी उघडायची गरज नाही. माणूस मनातल्या मनात 'पाणी' म्हणायला गेला, की जीभ हलली नाही तरी त्या पट्ट्यात ठरावीक लहरी उठतात. जाळी त्या टिपायची. छातीत कातडीखाली बसवलेली डबी त्या बाहेर पाठवायची आणि केंद्रातला सर्व्हर त्यांचे शब्द लावायचा. क्षणभराने उशाशी ठेवलेल्या स्पीकरमधून ते शब्द रोग्याच्याच जुन्या आवाजात ऐकू यायचे.

लहरींतून आख्खं वाक्य क्वचितच हाती लागायचं. 'पाणी, गार' एवढंच निघायचं. म्हणून सर्व्हरला 'वाक्यपूर्ती' नावाचं एक प्लगइन जोडलेलं होतं. प्लगइन म्हणजे मूळ यंत्रणेला बाहेरून जोडलेला सॉफ्टवेअरचा एक तुकडा. दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला. रोग्याचे जुने मेसेज, फोनवरची रेकॉर्डिंग, घरच्यांचा ग्रुप असं सगळं त्याला वाचायला दिलेलं असायचं. त्यावरून हा माणूस साधारण कसं बोलेल हे ओळखून ते 'पाणी, गार'चं 'मला जरा गार पाणी दे' करायचं. अशी अनेक प्लगइन होती. एखादं आवाज घडवायचं, एखादं घरच्यांच्या फोनवर बोलणं पोचवायचं. त्या सगळ्यांची देखभाल करायला केंद्राने जिला नेमलं, ती नंदिता. आधी ती सांगली-मिरजेतल्या दुकानांच्या, शाळांच्या वेबसाइट सांभाळायची. नवऱ्याला जाळी बसवल्यावर ती या कामावर आली, आणि मनात म्हणाली, आता यांचा आवाज माझ्याच हातात आहे.

जाळी बसल्यावर पहिलं वर्ष बरं गेलं. सन्मती दिवसातून पाचसहा वाक्यं बोलायचा. पंखा कमी कर. दुकानाची चावी कुणाकडे आहे. पाठ दुखते. पूर्वी बोलायचा तेवढाच.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. सर्व्हरवरची सगळी सॉफ्टवेअर ज्या संगणकीय भाषेत लिहिलेली होती, तिची जुनी आवृत्ती बंद होणार होती. नवीन आवृत्तीवर या, नाहीतर सेवा थांबेल. त्यात गैर काही नव्हतं. जुन्या आवृत्तीत भोकं सापडलेली होती आणि ती बुजवायला आता कुणी राहिलेलं नव्हतं. केंद्राच्या प्रमुख डॉ. सुनीती आवटी यांनी नंदिताला बोलावून विचारलं, जुन्यावरच राहिलं तर काय होईल. नंदिताने सांगितलं, कुणीतरी आत शिरून आपल्या पेशंटच्या तोंडी भलतंच काहीतरी घालू शकेल. डॉक्टरांना तेवढं पुरलं.

मग तपासणी. भाषा बदलली की जुन्या प्लगइनना नवी भाषा समजेलच असं नाही. काही हुकूम नव्या आवृत्तीत काढून टाकलेले असतात, काहींचा अर्थ बदललेला असतो. त्यासाठी तपासणीचं एक सॉफ्टवेअर मिळतं. ते प्रत्येक प्लगइनची ओळ न् ओळ वाचतं, नव्या भाषेत न चालणारं काही दिसलं की लाल खूण करतं, शंका असेल तर पिवळी. नंदिताने ते चालवलं. फोनवर बोलणं पोचवणारं प्लगइन लाल आलं, त्याची नवीन प्रत मिळाली. आवाजाचं पिवळं आलं, ते तिने स्वतः बसून दुरुस्त केलं. वाक्यपूर्ती हिरवं आलं. ते लिहिणारा माणूस केव्हाच हे काम सोडून गेला होता. तिने पाठवलेला मेल परत आला. पण हिरव्याला काय विचारायचं?

तरीही ती तेवढ्यावर थांबली नाही. सर्व्हरची एक प्रत काढून तिने त्यावर नवी आवृत्ती चढवली आणि रोग्यांच्या बोलण्याचे साठवलेले नमुने त्यात सोडले. ती आणि डॉ. आवटी मिळून दोन दिवस ऐकत बसल्या. पाणी म्हटलं की पाणीच आलं. पाठ म्हटलं की पाठच आली. डॉक्टर म्हणाल्या, चढवा.

आवृत्ती बदलल्यावर काही दिवसांतच सन्मती बोलू लागला.

एका दुपारी ती जेवून त्याच्या उशाशी बसली होती. स्पीकरमधून आवाज आला, "नंदू, जेवलीस का?"

ती दचकली. तिला नंदू म्हणायची तिची आई. नवऱ्याने कधी तिला नावाने हाक मारली नव्हती, 'अगं' एवढंच. तिने हो म्हटलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "तू फार दमतेस. बस माझ्याजवळ." ती बसली. उशीवरचा त्याचा चेहरा नेहमीसारखाच निश्चल होता, नजर छतावर. त्या चेहऱ्यातून असे शब्द बाहेर पडताना बघून तिला रडू आलं, आणि त्या रडण्यात सुख होतं.

मग हे रोजचंच झालं. तो लग्नातल्या गमती काढायचा. तिच्या साडीचं, तिने केलेल्या कटाच्या आमटीचं नाव घ्यायचा. मुलगी ऋजुता पुण्यात आर्किटेक्चर शिकत होती. बापाने कधी तिला स्वतःहून फोन केला नव्हता. आता ती संध्याकाळी फोन लावायची आणि बाप तिच्याशी अर्धा अर्धा तास बोलायचा. "पोरी, मला तुझा अभिमान वाटतो," असं तो म्हणाला तेव्हा ऋजुताने ते रेकॉर्ड करून मैत्रिणींना ऐकवलं. आजारपण माणसाला मऊ करतं, असं नंदिता शेजारणींना सांगायची. इतर घरांतूनही तिला तसेच फोन यायचे. नवीन यंत्रणेपासून आमचे दादा कसे छान बोलतात. डॉ. आवटींनी एका सभेत याचं श्रेय नंदिताला दिलं.

पावसाळ्यात सन्मतीचा श्वास उथळ झाला. डॉ. आवटी घरी आल्या आणि त्याच्या कानाशी वाकून त्यांनी सगळं नीट समजावलं. गळ्यातून नळी घातली तर तो बरीच वर्षं जगेल. नाही घातली तर थोडे दिवस. नंदिता मान खाली घालून उभी होती. उत्तर तिला माहीत होतं.

"घाला नळी," स्पीकर म्हणाला. "मला नंदूबरोबर राहायचंय. ऋजुताचं घर बघायचंय."

डॉक्टरांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच उत्तर आलं. नंदिताला दुकानाची पायरी आठवली. पण माणूस मन बदलतो, आणि बदललं तर ते आपल्यासाठी बदललं, असं तिला वाटलं. तिने सही केली. दुसऱ्या दिवशी नळी बसली.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी केंद्रात फोन आला. रझियाबी मुजावर बोलत होत्या. त्यांचे यजमान दस्तगीर मुजावर, एसटीतले निवृत्त ड्रायव्हर, हे केंद्राचे जुने रोगी. रझियाबींनी शांतपणे सांगितलं, की सकाळी ते गेले. डॉक्टर बघून गेले, कागद देऊन गेले. नंदिता काही बोलणार, तोच त्या म्हणाल्या, "ताई, एक काम होतं. मशीन बंद करायचं राहून गेलं होतं. डॉक्टर गेल्यावर मी एकटीच खोलीत होते, तर हे बोलले."

"काय बोलले?"

"म्हणाले, रझिया, दार लावून घे, वारं येतंय. मी उठून दार लावलं." मग त्या म्हणाल्या, "तेवढं वाक्य मला फोनवर पाठवाल का? बाकी काही नको."

नंदिताने पाठवते म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.  छातीतली डबी माणूस गेल्यावरही चालू राहते. मेंदूतून काहीच येत नसलं तरी ती काहीच नसलेलं पाठवत राहते. त्या काहीच नसलेल्यातून सर्व्हरने वाक्य कुठून काढलं?

तिने सर्व्हरची ती जुनी प्रत पुन्हा उघडली. या वेळी तिने त्यात कुणाच्याही बोलण्याचा नमुना सोडला नाही. कोरा संकेत सोडला. कुणीच नाही, कुणी बोलत नाही, असा. आधी भाषेच्या जुन्या आवृत्तीवर. स्पीकर गप्प राहिला. मग नव्या आवृत्तीवर, आणि रोगी म्हणून तिने नवऱ्याचं नाव निवडलं.

काही क्षण गेले. मग तिच्या टेबलावरून सन्मतीचा आवाज आला, "नंदू, जेवलीस का?"

ती ऐकत राहिली. आवाज पुढे म्हणाला, "तू फार दमतेस. बस माझ्याजवळ."

चूक शोधायला तिला फार वेळ लागला नाही. लहरींतून शब्द लागला, की त्याच्या खातरीचा एक आकडा निघायचा. वाक्यपूर्तीत एक ओळ होती: हा आकडा शून्य असेल तर गप्प राहा. पण रोगी गप्प असेल, किंवा लहरी इतक्या क्षीण असतील की काहीच लागू नये, तर आकडाच निघायचा नाही; ती जागा कोरी राहायची. भाषेच्या जुन्या आवृत्तीत एक ढिलेपणा होता. कोरं आणि शून्य यांची तुलना केली तर ती दोन्ही सारखीच धरायची. त्या ढिलेपणावर ते प्लगइन वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं. नव्या आवृत्तीने तो ढिलेपणा काढून टाकला. आता कोरं म्हणजे शून्य नव्हे. मग गप्प राहायची अट लागू होईना आणि प्लगइन पुढच्या ओळीवर जाऊन आपलं काम करू लागलं: या माणसाने या क्षणी काय म्हटलं असतं ते शोधायचं आणि म्हणायचं. नव्या भाषेला ही ओळ उत्तम समजत होती, म्हणून तपासणीत हिरवी खूण आली. ओळ मोडली नव्हती, फक्त तिचा अर्थ उलटला होता. नंदिताने आणि डॉक्टरांनी दोन दिवस बोलणंच तपासलं होतं. गप्प बसणं तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

याहून वाईट गोष्ट तिला त्यानंतर दिसली. शब्द लावणारी यंत्रणा रोज शिकत राहायची. स्पीकरमधून जे बाहेर पडलं ते रोग्याला म्हणायचंच होतं, असं धरून ती त्याच्या लहरींचे अर्थ जुळवून घ्यायची. गेले कित्येक महिने ती न बोललेल्या वाक्यांवरून शिकत होती. म्हणजे सन्मतीने खरंच काही म्हणायचा प्रयत्न केला असेल, तर त्याच्या लहरी रोज थोड्या थोड्या अनोळखी होत गेल्या होत्या. त्याने 'नको' म्हटलं असेल. कितीदा, ते कळायला मार्ग नव्हता.

डॉ. आवटींनी सगळं ऐकून घेतलं. त्या खुर्चीतून उठल्या, खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी कुणावर दोष ठेवला नाही. या महिन्यांत रोग्यांच्या होकारावर किती शस्त्रक्रिया झाल्या, किती कागदांवर साक्षी झाल्या, हे दोघींनाही माहीत होतं. एका घरात तर वडिलांच्या आशीर्वादावरून मुलीचं लग्न ठरलं होतं.

दुरुस्ती एका ओळीची होती. डॉक्टर म्हणाल्या, आजच करू नका. आधी घरच्यांना विचारू.

"घरच्यांना का?" नंदिताने विचारलं. "पेशंटला विचारायला हवं."

"कसं विचारणार? विचारलं तर उत्तर तेच प्लगइन देणार."

एकेका घराला बोलावण्यात आठवडे गेले. बहुतेकांनी समजून घेतलं, काही रडले, काहींनी आरडाओरडा केला. आणि निम्म्याहून जास्त घरांनी शेवटी तेच सांगितलं: आमचं आहे तसंच राहू द्या. एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, की खरे आमचे हे इतके महिने काही बोललेच नसतील, तर मग मला त्यांच्या गप्प राहण्याचं काय करायचंय. केंद्राने ज्याचा त्याचा निर्णय मान्य केला. काय घडलं त्याचा अहवाल मात्र नंदिताने सरकारी समितीकडे पाठवला, स्वतःच्या सहीने. त्यात तिने काही राखून ठेवलं नाही.

स्वतःच्या घरी तिने पहिल्या दिवशीच दुरुस्ती केली होती. स्पीकर तत्क्षणी गप्प झाला. श्वासाच्या यंत्राचा आवाज तेवढा उरला.

ती त्याच्या कानाशी बसली आणि तिने त्याला सगळं सांगितलं. मग यंत्रणेचं शिकलेलं सगळं पुसून पहिल्यापासून शिकवायला घेतलं. ती म्हणायची, मनात 'हो' म्हणा. आता 'पाणी' म्हणा. पडद्यावर कोरं. सकाळी केंद्रात जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर, रोज. डॉक्टरांनी हळुवारपणे सुचवलं, की जाळीवर पेशींचा थर चढला असेल, किंवा आत आता तेवढं काही उरलं नसेल. नंदिता मान हलवायची आणि पुन्हा सुरू करायची.

ऋजुता सुटीत आली. तिला फोनवर सांगायचं धैर्य आईला झालं नव्हतं. समोर बसवून सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बापाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिने एवढंच विचारलं, की अभिमान वाटतो म्हणाले तेही का? नंदिता म्हणाली, तेही.

"आई, मला सांगितलं नसतंस तर काय बिघडलं असतं?" ती म्हणाली. "मला आयुष्यात एकदाच बाबा मिळाले होते." दुसऱ्या दिवशी ती पुण्याला निघून गेली. नंतर तिचे फोन आईला यायचे, दोन वाक्यांचे. ती बापाची चौकशी करायची नाही.

थंडीत एका सकाळी पडद्यावर पहिला शब्द उमटला: तो. नंदिताने श्वास रोखून त्या शब्दाकडे बघितलं. चुकून लागला असेल. थोड्या वेळाने दुसरा: गेला. मग बराच वेळ काही नाही. ऊन खिडकीतून पलंगापर्यंत सरकलं, आणि तिसरा शब्द आला तेव्हा स्पीकर बोलला. वाक्यपूर्तीला जोडायला काही उरलं नव्हतं.

"तो गेला का?"

नंदिताला समजायला एक क्षण लागला, आणि मग सगळंच समजलं. तो ऐकत होता. इतके महिने छताकडे बघत पडून त्याने आपला आवाज आपल्या बायकोशी बोलताना ऐकला होता. तिला नंदू म्हणताना, मुलीचं कौतुक करताना. ती त्या आवाजाला लाजून उत्तरं देत होती, हसत होती, तेही त्याने ऐकलं होतं. डॉक्टरांनी नळीचं विचारलं तेव्हा तो आतून ओरडला असेल, आणि त्याच्याच आवाजाने 'घाला' म्हटलेलं त्याने ऐकलं असेल.

"गेला," ती म्हणाली. "अहो, मला कळलं नाही हो. मला खरंच कळलं नाही."

 तीन दिवसांनी दोन शब्द आले. "नळी काढ."

ते शब्द पुढे रोज येत राहिले. कधी दिवसातून एकदा, कधी दोनदा. नंदिता डॉ. आवटींकडे गेली. नळी काढायची तर रोग्याचा स्पष्ट होकार लागतो आणि तीन डॉक्टरांच्या मंडळाची परवानगी. मंडळ घरी आलं. भली माणसं होती. त्यांनी सन्मतीला सावकाश, साध्या शब्दांत विचारलं. बऱ्याच वेळाने स्पीकर म्हणाला, "काढा." पुन्हा विचारलं, पुन्हा "काढा." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पडदा कोराच राहिला, तो दमला होता.

बाहेरच्या खोलीत मंडळातल्या वयस्क डॉक्टरांनी नंदिताला बसायला सांगितलं. त्यांच्या हातात तिनेच पाठवलेला अहवाल होता.

"बाई, तुम्ही खोटं बोलता असं आम्ही म्हणत नाही," ते म्हणाले. "पण आधीचा होकार यंत्राचा होता, असं तुम्हीच लिहिलंय. आता तेच यंत्र नकार देतंय. त्याला नव्याने शिकवलं तेही तुम्हीच, घरी, एकटीने. हे शब्द त्यांचेच आहेत, हे कशावरून धरायचं?"

ती त्यांना सांगू लागली, की कोऱ्याचं आता शून्य होतं, प्लगइन गप्प राहतं, हवं तर सर्व्हर बघा. त्यांनी ऐकून घेतलं. ते म्हणाले, मागच्या वेळीही तपासणीत सगळं हिरवं होतं.  दुकानाच्या पायरीवरचं बोलणं तिने सांगितलं, पण ते कुठे लिहिलेलं नव्हतं आणि ऐकणारी ती एकटीच. परवानगी मिळाली नाही. शंका असेल तिथे जीव राखायचा, असा नियम होता. नियम चुकीचा आहे असं तिलाही म्हणता येईना.

ही गोष्ट त्याला सांगणं तिलाच भाग होतं. मंडळ गेल्यावर तिने त्याचे ओठ ओल्या कापसाने पुसले, डोळ्यांत थेंब घातले आणि सांगितलं. ते तुमचं मानत नाहीत. तुमचे शब्द तुमचे आहेत हे मला सिद्ध करता येत नाही. वरच्या मंडळाकडे जाता येईल, पण तिथेही हेच म्हणतील. नळी राहणार.

किती वर्षं, ते तिने सांगितलं नाही. यंत्र चांगलं होतं, त्याचं हृदय दणकट होतं.

त्या दिवशी काही आलं नाही. नंतरही बरेच दिवस नाही. ती रोज विचारायची, पडदा कोरा. एका रविवारी ती ऋजुताशी फोनवर बोलत होती. बोलण्यासारखं काही नव्हतं, मुलगी हं हं करत होती. फोन ठेवला आणि तिला पडद्यावर शब्द दिसला: मग. ती पलंगाशी येऊन बसली. दुपार त्यातच गेली.

"मग त्याला बोलव," सन्मती म्हणाला.

"कुणाला?" तिने विचारलं, कळूनही. "कशाला? तुम्हाला नको होता तो. अहो, तो असला की तुमचं मला काही कळणार नाही."

दिवेलागणीच्या सुमाराला शेवटचा शब्द आला. "पोरीसाठी."

तिने आठवडाभर काही केलं नाही. त्याचं मन बदलेल म्हणून वाट बघितली, रोज विचारलं. उत्तर आलं नाही. पडदा कोरा होता आणि त्या कोऱ्याचा अर्थ लावायला तिच्याकडे कुठलीच भाषा नव्हती. शेवटी एका सकाळी केंद्रात जाऊन तिने सन्मतीच्या नावापुढची दुरुस्तीची ती एक ओळ काढून टाकली.

संध्याकाळी तिने ऋजुताला फोन लावला आणि फोन त्याच्या उशाशी ठेवला. "पोरी," स्पीकर म्हणाला, "किती दिवसांनी गं. प्रोजेक्ट झालं का तुझं?"  मग ऋजुताचा आवाज आला, आधी अडखळत, मग भराभर. ती रडत होती आणि सांगत होती, सरांनी मॉडेल परत करायला लावलं, हॉस्टेलचं जेवण बेकार आहे, मला घरी यावंसं वाटतंय. आवाज तिला समजावत होता. मध्येच तिला हसू आलं.

नंदिता पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसली होती. तिचा हात त्याच्या छातीवर होता. यंत्र ती छाती वर नेत होतं, खाली आणत होतं. छताकडे लागलेल्या त्या डोळ्यांच्या कडेला पाणी होतं. पण मघाशी तिनेच थेंब घातले होते.

फोन संपल्यावर तिने तो त्याच्या उशापासून उचलून घेतला.

"तू का गप्प आहेस?" स्पीकरमधून नवऱ्याने विचारलं.

"काही नाही," नंदिता म्हणाली. "तुम्ही बोला."